जेलन हर्ट्स: मध्यंतराला बाहेर बसवलेल्या क्वार्टरबॅकची कॉलेजातली चार वर्षे

खाडीकाठी (धागाकर्ता)

फेब्रुवारी २०२५ मध्ये सुपर बोल, म्हणजे व्यावसायिक अमेरिकन फुटबॉलचा अंतिम सामना, जिंकून सामनावीर ठरल्यापासून जेलन हर्ट्सची गोष्ट आपल्या मंडळींत एकाच साच्यातून सांगितली जाते. कॉलेजात ऐन अंतिम सामन्यात त्याला बाहेर बसवले, त्याने तोंडातून ब्र काढला नाही, वर्षभर कळ सोसली आणि शेवटी त्याला फळ मिळाले, अशी ती गोष्ट. ती खोटी नसली तरी बरीच अर्धवट आहे. माझे म्हणणे असे की ८ जानेवारी २०१८ च्या रात्री, जॉर्जियाविरुद्धच्या राष्ट्रीय अंतिम सामन्यात, त्याला बाहेर बसवण्याचा निर्णय योग्य होता, त्याची कारणे निदान वर्षभर आधीपासून दिसत होती, आणि त्यानंतर तो अलाबामात थांबला त्यात सोशिकपणापेक्षा हिशेब अधिक होता. हिशेब हा शब्द मी दोष म्हणून वापरत नाही.

सुरुवात घरापासून करतो. ह्यूस्टनच्या पूर्वेला, जहाजांच्या कालव्याकडे जाताना चॅनलव्ह्यू नावाचे गाव लागते. तेलशुद्धीकरण कारखाने, टाक्यांच्या रांगा आणि पाळीवर जाणाऱ्या कामगारांच्या गाड्या, असा तो सगळा परिसर आहे. कामानिमित्त त्या रस्त्याने माझे अनेक वर्षे जाणे-येणे आहे. तिथल्या शाळेच्या संघाचे तेव्हाचे प्रशिक्षक एव्हेरियन हर्ट्स हे जेलनचे वडील. थोरला भाऊही त्याच शाळेचा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू हाती घेऊन आक्रमण चालवणारा खेळाडू, होता. त्यामुळे वडिलांच्या हाताखाली खेळणे म्हणजे काय, हे जेलनने आधी भावाकडे पाहून शिकले आणि मग स्वतः अनुभवले. शाळेत असताना तो पॉवरलिफ्टिंगच्या स्पर्धांतही उतरत असे आणि ५०० पौंड, म्हणजे सुमारे २२७ किलो वजन खांद्यांवर घेऊन बैठक मारत असे. हा तपशील पुढे कामाला येणार आहे.

जन्म ऑगस्ट १९९८ चा. शाळा लवकर संपवून तो जानेवारी २०१६ मध्ये अलाबामा विद्यापीठात दाखल झाला. प्रशिक्षक निक सेबन यांचा संघ तेव्हा नुकताच राष्ट्रीय विजेता ठरला होता आणि क्वार्टरबॅकच्या जागेसाठी ब्लेक बार्नेटचे नाव पुढे होते. ३ सप्टेंबर २०१६ रोजी टेक्ससमधल्या आर्लिंग्टन येथे सदर्न कॅलिफोर्नियाविरुद्ध हंगामाचा पहिला सामना बार्नेटनेच सुरू केला. थोड्या वेळाने हर्ट्सला आत पाठवले, आणि कॉलेज कारकिर्दीतल्या पहिल्याच स्नॅपला (म्हणजे चेंडू मागे देऊन डाव सुरू होताच) त्याच्या हातून चेंडू सुटून प्रतिस्पर्ध्यांकडे गेला. अठरा वर्षांच्या मुलाला तिथेच घाम फुटायचा. सेबन यांनी त्याला पुन्हा आत पाठवले. सामना संपला तेव्हा त्याच्या नावावर पासचे दोन आणि धावून केलेले दोन टचडाउन (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या शेवटच्या पट्ट्यात पोहोचवून मिळवलेले सहा गुण) होते, आणि अलाबामाने ५२–६ असा विजय मिळवला होता. पुढच्या सामन्यापासून जागा त्याची झाली आणि महिना संपण्यापूर्वी बार्नेटने विद्यापीठ सोडले. कॉलेजात नुकत्याच आलेल्या मुलाने अलाबामासाठी क्वार्टरबॅक म्हणून सामना सुरू करण्याची ही १९८४ नंतरची पहिली वेळ होती.

त्या हंगामात त्याने पासवर २,७८० यार्ड काढले, धावून ९५४ यार्ड काढले आणि साउथईस्टर्न कॉन्फरन्स या विद्यापीठांच्या गटातला सर्वोत्तम आक्रमक खेळाडू म्हणून त्याची निवड झाली. मिसिसिपी राज्यातल्या ऑक्सफर्डला मिसिसिपी विद्यापीठाविरुद्ध संघ ३–२४ असा मागे पडला होता. तो सामनाही अलाबामाने ४८–४३ असा जिंकला आणि त्यात हर्ट्स एकटा १४६ यार्ड धावला. मात्र अंतिम सामन्याचे आकडे जरा जवळून पाहा. ९ जानेवारी २०१७, टॅम्पा, समोर क्लेमसन. ३१ पासपैकी १३ पोहोचले, यार्ड १३१. त्यातले ६८ यार्ड एकाच पासवर, ओ. जे. हॉवर्डकडे. म्हणजे उरलेल्या बारा पासवर मिळून ६३. सामन्याची २ मिनिटे ७ सेकंद उरली असताना त्याने ३० यार्डांची जी धाव घेऊन संघाला ३१–२८ असे पुढे नेले, ती कोणालाही आठवते. त्याआधी अलाबामाचे आक्रमण वारंवार लवकर आटोपत गेल्यामुळे क्लेमसनला एकूण ९९ डाव खेळायला मिळाले आणि अलाबामाचा बचाव थकून गेला, हे मात्र कोणी सांगत नाही. शेवटचा एक सेकंद राहिला असताना क्लेमसनच्या डिशॉन वॉटसनने हंटर रेनफ्रोकडे पास दिला आणि सामना ३५–३१ असा गेला.

त्याच्यावरचा प्रश्न २०१८ च्या मध्यंतराला नव्हे, तर या टॅम्पाच्या रात्री उभा राहिला, असे मला वाटते.

तळ्यातमळ्यात

लेख आवडला, पण निर्णय योग्य होता हे पटत नाही. २०१७ च्या पूर्ण हंगामात ज्या मुलाने सतरा टचडाउन पास दिले आणि फक्त एक पास प्रतिस्पर्ध्याच्या हातात जाऊ दिला, त्याला अंतिम सामन्याच्या मध्यंतराला बसवायचे? आपल्याकडे वर्षभर धावा केलेल्या सलामीवीराला अंतिम फेरीत एका अपयशानंतर वगळले असते, तर केवढा गदारोळ झाला असता!

खाडीकाठी

क्रिकेटची उपमा इथे लागू पडत नाही, कारण फलंदाज बाद झाला की त्याचे काम तिथेच संपते. क्वार्टरबॅक चुकत नसूनही संघाला अडकवून ठेवू शकतो. एकच इंटरसेप्शन हा आकडा तुम्हाला गुण वाटतो, मला त्यात दुखणे दिसते. ते समजण्यासाठी हर्ट्स काय उत्तम करत असे ते आधी पाहावे लागेल.

अलाबामाचा एक नेहमीचा डाव असा असे. स्नॅपच्या क्षणी आक्रमक संघ बचावातल्या कडेच्या एका खेळाडूला मुद्दाम मोकळा सोडतो. क्वार्टरबॅक शेजारच्या धावणाऱ्या खेळाडूच्या पोटाशी चेंडू नेतो, पण सोडत नाही. दोघांचेही हात चेंडूवर असतात आणि क्वार्टरबॅकची नजर मात्र त्या मोकळ्या खेळाडूच्या खांद्यांवर खिळलेली असते. ते खांदे आत वळले, तर चेंडू काढून घेऊन क्वार्टरबॅकने स्वतः बाहेरून पळायचे. ते सरळ राहिले, तर चेंडू सोडून द्यायचा. डोळ्याचे पाते लवते न लवते तोच हा निर्णय होतो. हर्ट्स त्यात क्वचितच फसत असे, आणि एकदा चेंडू घेऊन निघाला की २२७ किलो उचलणारे ते पाय पहिल्या धडकेत थांबत नसत.

दुखणे होते ते याच्या पलीकडचे. पास द्यायला मागे सरकल्यावर पहिला सहकारी मोकळा नसेल तर नजर दुसऱ्याकडे, मग तिसऱ्याकडे न्यावी लागते, आणि तोवर अंगावर येणाऱ्या माणसांच्या गराड्यात उभे राहावे लागते. हर्ट्स पहिल्याकडे पाहायचा आणि नाही जमले तर पळायचा. धोक्याचा पास तो देतच नसे, म्हणून इंटरसेप्शन एक. साधारण संघांविरुद्ध हे खपून गेले. ऑबर्नविरुद्धचा सामना २६–१४ असा गेला आणि मग अटलांटात जॉर्जियाने मधला भाग भरून टाकून त्याला पळायला जागाच ठेवली नाही. मध्यंतरापर्यंत आठ पासपैकी तीन पोहोचले, यार्ड २१, फलक ०–१३. समोर डिव्हॉन्टा स्मिथ, जेरी ज्यूडी, कॅल्विन रिडली यांसारखे पास झेलणारे खेळाडू मोकळे होण्याची वाट पाहत असताना २१ यार्ड!

बोरू

या चर्चेत एक गोष्ट निसटते आहे. हर्ट्सला शिकवणारी माणसे दरवर्षी बदलत होती. २०१६ च्या हंगामात आक्रमणाची सूत्रे लेन किफिन यांच्याकडे होती आणि अंतिम सामन्याच्या आठवडाभर आधी ते निघून गेले. त्या एका सामन्यापुरते स्टीव्ह सार्किशियन आले आणि महिन्याभरात तेही व्यावसायिक संघाकडे गेले. २०१७ साली ब्रायन डॅबोल, २०१८ साली माइक लॉक्सली, २०१९ साली ओक्लाहोमात लिंकन रायली. चार वर्षांत पाच गुरू! प्रत्येकाची परिभाषा वेगळी, इशारे वेगळे, अपेक्षा वेगळ्या. एका शाळेत टिकून शिकलेल्या मुलाची फुटपट्टी त्याला लावणे अन्यायाचे आहे. पहिल्याकडे पाहून पळणे ही अर्धी त्याची सवय आणि अर्धी किफिन यांची योजना होती, कारण अठरा वर्षांच्या मुलाकडून लवकर निकाल मिळवण्याचा तोच सोपा मार्ग होता.

खाडीकाठी

हे मान्य आहे आणि मूळ लेखात ते यायला हवे होते. पण कारण कोणाचेही असो, मध्यंतराच्या थोडक्या वेळात ते दुरुस्त होण्यासारखे नव्हते. सेबन यांनी हवाईहून आलेल्या डावखुऱ्या तुआ तागोवाइलोआला आत पाठवले, जो स्वतः पहिल्या वर्षाचा होता. त्याने तीन टचडाउन पास दिले. त्याचा एक पास जॉर्जियाच्या हातातही गेला. हर्ट्सने तो पास दिलाच नसता, आणि उरलेलेही दिले नसते. जादा वेळेत जॉर्जियाने तीन गुण घेतल्यावर तुआ पहिल्याच डावाला सोळा यार्ड मागे पकडला गेला, आणि पुढच्याच डावाला त्याने स्मिथकडे ४१ यार्डांचा पास टाकून सामना २६–२३ असा संपवला. कडेला उभा असलेला हर्ट्स सर्वांत आधी आनंदाने उसळलेल्यांपैकी एक होता. तो आनंद खोटा होता असे मी कधीच म्हणणार नाही.

अधिक-उणे

मला हिशेबाच्या मुद्द्यावर लिहायचे आहे, कारण माझ्या मते हा धागा खरा तिथे आहे.

आजच्या वाचकाला तो काळ नीट समजत नाही. कॉलेजच्या खेळाडूला स्वतःच्या नावावर पैसे कमावण्याची मुभा १ जुलै २०२१ पासून मिळाली. हर्ट्सच्या काळात शिष्यवृत्ती, राहणे, जेवण एवढेच मिळत असे. विद्यापीठ बदलायचे तर पदवी नसलेल्या मुलाला साधारणपणे एक पूर्ण हंगाम बाहेर बसावे लागे. मात्र पदवी हातात असली की दुसरीकडे जाऊन लगेच खेळता येत असे. हर्ट्स डिसेंबर २०१८ मध्ये पदवीधर होणार होता. म्हणजे जानेवारी २०१८ मध्ये रागाने निघून गेला असता तर एक हंगाम वाया जाणार, आणि थांबला तर पदवी मिळवून मोकळेपणाने जाणार. हंगाम संपला की जेलन हा या खेळाच्या इतिहासातला सर्वांत मोठा मुक्त खेळाडू ठरू शकेल, अशा अर्थाचे विधान त्याच्या वडिलांनी त्या वसंतात उघडपणे केले होते. घरात या विषयावर गणित मांडले गेले होते हे स्पष्टच आहे.

त्यात २०१८ च्या उन्हाळ्यात नवा नियम आला. चारपर्यंत सामने खेळूनही खेळाडूला ते वर्ष आपल्या पात्रतेतून, म्हणजे कॉलेजात खेळता येणाऱ्या चार हंगामांतून, वाचवता येऊ लागले. क्लेमसनमध्ये ट्रेव्हर लॉरेन्सने जागा घेतल्यावर केली ब्रायंटने नेमके तेच केले. चार सामने झाले आणि सप्टेंबरच्या शेवटी तो संघ सोडून गेला. त्याच आठवड्यात, २९ सप्टेंबरला, हर्ट्स लुइझियानाविरुद्ध आपला पाचवा सामना खेळला. ते वर्ष वाचवण्याचा मार्ग त्याने स्वतः बंद केला. म्हणून तुमचा हिशेबाचा सिद्धान्त मला पूर्ण पटत नाही. निव्वळ गणित असते तर तो त्या दिवशी बाकावर बसून राहिला असता.

खाडीकाठी

पाचव्या सामन्याचा मुद्दा बिनतोड आहे. माझ्यापुरते त्याचे उत्तर असे की पदवी डिसेंबरात मिळणारच होती आणि त्यानंतरचा एक हंगाम त्याच्याकडे तसाही शिल्लक होता. त्याला एकच वर्ष हवे होते, दोन नव्हेत. पण हे उत्तर मला स्वतःलाही थोडे ओढूनताणून आणलेले वाटते, हे कबूल करतो.

‘ब्र काढला नाही’ ही दंतकथा मात्र इथेच मोडून काढू. ऑगस्ट २०१८ मध्ये वार्ताहरांसमोर त्याने स्वच्छ सांगितले होते की इतके महिने सगळे माझ्याविषयी बोलत राहिले, पण मला काय वाटते हे कोणी विचारायला आले नाही. शब्द मोजके होते आणि आवाज शांत होता, पण त्यात प्रशिक्षकांवरची नाराजी कोणालाही ऐकू येईल अशी होती. वातावरण किती ताणलेले होते याची आणखी एक खूण सांगतो. १ सप्टेंबरला लुइव्हिलला ५१–१४ असे हरवल्यानंतर मैदानातच वार्ताहर मारिया टेलर यांनी दोन क्वार्टरबॅकबद्दल साधा प्रश्न विचारला, तर सेबन त्यांच्यावर उखडले, आणि नंतर सेबन यांना माफी मागावी लागली. एवढ्या मोठ्या विजयानंतर माणूस उगाच चिडत नाही.

पीचट्रीचा पाहुणा

मी अटलांटात राहतो आणि १ डिसेंबर २०१८ चा कॉन्फरन्सचा अंतिम सामना मी स्टेडियमच्या वरच्या मजल्यावरून पाहिला आहे. तेच स्टेडियम, तोच प्रतिस्पर्धी, अकरा महिन्यांनंतर. मी जॉर्जियाच्या बाजूने बसलो होतो. तिसऱ्या भागात आम्ही २८–१४ असे पुढे होतो आणि माझ्या शेजारच्या गृहस्थांनी घरी फोन लावून जेवणाची तयारी करायला सांगितले होते.

तुआचा पाय त्याच्याच सहकाऱ्याच्या पायाखाली आला आणि तो लंगडत बाहेर गेला, तेव्हा आमच्या बाजूने टाळ्या पडल्या. त्याबद्दल मला आजही लाज वाटते. तेव्हा आम्ही २८–२१ असे पुढे होतो. दोन क्रमांकाचा सदरा घातलेला हर्ट्स डोक्यावर हेल्मेट चढवत आत धावला, तेव्हा आम्हाला वाटले की आता तो पळणार आणि आपण मधला भाग भरणार, जानेवारीसारखेच. इतक्या दुरून चेहरा दिसत नाही, पण उभे राहण्याची ढब दिसते. या वेळी तो पळाला नाही. गराड्यात उभा राहिला, डोके एकदा डावीकडे आणि मग उजवीकडे फिरले, आणि पास गेला. नऊपैकी सात पास पोहोचले. ज्यूडीकडे दिलेल्या दहा यार्डांच्या टचडाउन पासवर बरोबरी झाली. त्यानंतर आमचे प्रशिक्षक कर्बी स्मार्ट यांनी चौथ्या प्रयत्नाला किक मारण्याचे नाटक करून चेंडू जस्टिन फील्ड्सकडे देण्याचा जो उद्योग केला, त्याविषयी जॉर्जियाच्या घरांत आजही जेवताना बोलू नये असा संकेत आहे. चेंडू मैदानाच्या मध्याजवळ अलाबामाला मिळाला आणि एक मिनिट चार सेकंद उरलेले असताना हर्ट्सने पंधरा यार्ड धावून सामना ३५–२८ असा संपवला. आधी त्याने पास दिले म्हणून आम्ही मागे सरकलो होतो, आणि आम्ही मागे सरकलो म्हणून त्याला धावायला वाट मिळाली. शेजारच्या गृहस्थांनी परत घरी फोन केला नाही.

तळ्यातमळ्यात

पाहुणे, तुमच्या या वर्णनामुळे खाडीकाठी यांचा मुद्दा मला प्रथमच पटू लागला आहे. अकरा महिन्यांत जर तो पॉकेटमध्ये, म्हणजे सहकाऱ्यांच्या संरक्षक कड्यात, उभा राहायला शिकला, तर आधी ते त्याला येत नव्हते हे मान्य करावेच लागते. त्या हंगामात त्याला एकूण ७० पास टाकायला मिळाले आणि त्यातले ५१ पोहोचले, हे मी आता तपासले. बाकावर बसून टक्केवारी वाढवणारा खेळाडू विरळाच.

अधिक-उणे

त्यातले पुष्कळसे पास सामना हातात आल्यानंतरचे आहेत, एवढी नोंद असू द्यावी.

बोरू

आता ओक्लाहोमाबद्दल माझी शंका मांडतो. २०१९ मध्ये तिथे त्याने पासवर ३,८५१ यार्ड आणि ३२ टचडाउन, शिवाय धावून १,२९८ यार्ड आणि २० टचडाउन केले, आणि कॉलेजातल्या सर्वोत्तम खेळाडूला मिळणाऱ्या हाइझमन पुरस्काराच्या मतदानात लुइझियाना स्टेटच्या जो बरोच्या पाठोपाठ दुसरा आला. पण रायली यांच्याच हाताखाली २०१७ मध्ये बेकर मेफिल्डने आणि २०१८ मध्ये कायलर मरेने तो पुरस्कार जिंकला होता. तिसऱ्या वर्षी तिसरा क्वार्टरबॅक तिथवर पोहोचतो, तेव्हा श्रेय स्वयंपाक्याला द्यायचे की भांड्याला?

खाडीकाठी

बरेचसे श्रेय रायली यांचे आहेच. पासची टक्केवारी दोन वर्षांपूर्वी साठच्या आसपास होती ती सत्तरच्या जवळ गेली, ती काही एकट्याच्या मेहनतीने नाही. पहिल्याच सामन्यात ह्यूस्टन विद्यापीठाविरुद्ध त्याने पासवर ३३२ आणि धावून १७६ यार्ड काढले, तेव्हा आमच्या गावच्या संघाच्या बाजूने बसलेले आम्ही नुसते एकमेकांच्या तोंडाकडे पाहत राहिलो.

तरीही १६ नोव्हेंबर २०१९ चा बेलरविरुद्धचा सामना पाहावा, असे सुचवतो. संघाचा सर्वांत चांगला पास झेलणारा सीडी लॅम्ब त्या दिवशी खेळत नव्हता. फलक ३–२८ झाला. हर्ट्सच्या हातून चेंडूही निसटला. जुना हर्ट्स अशा वेळी आवळून खेळला असता. त्या दिवशी तो चुकल्यानंतरही पास देत राहिला, चार टचडाउन पास दिले आणि सामना ३४–३१ असा काढला. पंचवीस गुणांची पिछाडी भरून काढणे हा ओक्लाहोमाच्या इतिहासातला विक्रम होता. चुकण्याची भीती गेली, हाच माझ्या दृष्टीने त्या चार वर्षांतला खरा बदल आहे. वर्षभरात आठ इंटरसेप्शन झाले ते त्याचे मोल, आणि ते स्वस्तच पडले.

उपांत्य फेरीत, पुन्हा त्याच अटलांटाच्या स्टेडियममध्ये, लुइझियाना स्टेटने त्यांचा ६३–२८ असा फडशा पाडला. बरोने पहिल्या अर्ध्यातच सात टचडाउन पास दिले होते, त्यामुळे त्या सामन्यावरून हर्ट्सचे मोजमाप करण्यात अर्थ नाही.

पीचट्रीचा पाहुणा

त्या स्टेडियमने या मुलाला दोन वर्षांत तीनदा बोलावले आणि तिन्ही वेळा वेगळे काहीतरी दिले. आम्हाला मात्र दोन्ही वेळा एकच दिले.

तळ्यातमळ्यात

एक बारीक शंका. अलाबामात सामना सुरू करणारा क्वार्टरबॅक म्हणून त्याची नोंद २६ विजय आणि २ पराभव अशी दिली जाते. पराभव म्हणजे क्लेमसन आणि ऑबर्न हे कळले. पण जॉर्जियाविरुद्धचा तो जानेवारीचा सामना, ज्यात तो मध्यंतरानंतर बाहेर होता, कोणाच्या खात्यात धरतात?

खाडीकाठी

सामना ज्याने सुरू केला त्याच्या खात्यात. त्या रात्री सुरुवात हर्ट्सने केली होती, म्हणून सव्विसावा विजय त्याचा. तुआच्या अलाबामातल्या विजयांत तो धरत नाहीत.